हुंकारा कुठं थांबला?

नमस्कार श्रोतेहो.

लातूरच्या बाजारपेठेत ऐन दुपारी झुंबड उडालेली आहे, दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत बऱ्याच वर्षांनी नायकाला नायिका दिसते. समजा, अशी एक कथा आहे. इथपर्यंत ती बरी चाललेली आहे. पण लेखकानं दिवस सांगितला वेळ अमावस्येचा! लातूर-धाराशिवकडचा वाचक तिथंच पुस्तक पालथं घालतो. येळवसेला, म्हणजे याच वेळ अमावस्येला, लातूरच्या बाजारात चिटपाखरू नसतं. सगळं शहर शिवारात गेलेलं असतं, कडब्याच्या कोपीपुढं पंगती बसलेल्या असतात, भज्जीवर आणि आंबिलीवर ताव मारणं चाललेलं असतं. ज्याला शेत नाही, त्यालाही कुणीतरी हात धरून नेतं. आणि हा लेखक भर बाजारात प्रेमिकांची गाठ घालून देतोय.

गंमत पुढंच आहे. त्याच कथेत बांधावरच्या चिंचेवर हडळ बसलेली असली, तर हाच वाचक तिला बिनतक्रार बसू देतो. हडळ असते का, असा वाद तो घालत नाही. लेखकानं सांगितलं ना, मग असेल. मात्र त्या हडळीनं एप्रिलात हुरडा मागितला की संपलं. शाळू पेरायचा सप्टेंबर-ऑक्टोबरात, हुरड्याला यायचा डिसेंबर-जानेवारीत, एप्रिलात कुठला हुरडा? वाचक अशक्य गोष्ट चालवून घेतो, चुकलेली घेत नाही. ॲरिस्टॉटलनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी काव्यशास्त्रात जवळपास हेच म्हणून ठेवलंय, की न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ते ॲरिस्टॉटल न वाचताच माहीत होतं.

आज बोलायचंय ते यावरच. एखादी कथा किंवा कादंबरी जमली की फसली, हे वाचणारा कशावरून ठरवतो, आणि लिहिणारा कशावरून?

पूर्वी रात्री अंगणात गोष्ट सांगणारा माणूस आधी अट घालायचा. हुंकारा द्यायचा. कुणीतरी एकानं 'हं' म्हणत राहायचं, नाहीतर गोष्ट बंद. पोरांना वाटायचं, आपण झोपू नये म्हणून म्हातारा हे करतोय. तेवढंच नव्हतं ते. 'हं' उशिरा आला की तो ओळखायचा, इथं पोरांच्या डोक्यात गोंधळ झालाय, जरा मागं जाऊन सांगावं. 'हं' नुसताच सवयीनं यायला लागला की जंगलात वाघ आणायचा. आणि 'हं' च्या जागी 'मग?' आलं, तर मुद्दाम तंबाखू मळत बसायचा. कीर्तनकारही दुसरं काय करतो? निरूपण लांबलं, मागच्या रांगेतली माणसं उठायला लागली, की तो विठ्ठलनामाचा गजर धरतो, टाळकऱ्यांना कामाला लावतो, आणि मंडप पुन्हा हातात आला की दृष्टांत सांगायला घेतो. गोष्ट चालली का, हे त्याला तिथल्या तिथं कळतं, आणि तिथल्या तिथं दुरुस्तही करता येतं.

छापील पानानं लेखकाचा हा हुंकारा काढून घेतला. माझाही काढून घेतलाय म्हणा. मी इथं बंद खोलीत बोलतोय, तुमच्यातलं कुणी आत्ता दळण आणायला उठलं असेल तर मला कळायचं नाही.

मग लेखकाच्या वाट्याला काय येतं? नंतरचे अभिप्राय. 'छान झालीय', 'मनाला भिडली', 'वास्तव मांडलंय'. यातल्या एकाही शब्दाचा लिहिणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. वाचणाऱ्याला विचारायचं ते वेगळं. वाचता वाचता तू चहा टाकायला कुठं उठलास? कोणत्या पानावर मोबाईल हातात घेतलास? कुठं दोन ओळी गाळून पुढं गेलास? हे वाचकाला अगदी नेमकं आठवतं, आणि त्यात तो सहसा चुकत नाही. तो चुकतो ते कारण सांगताना.

आमच्या भागातल्या एका तरुणानं शेताच्या वाटणीवर कथा लिहिली होती. फेरफाराच्या कागदावर सही न करणारा एक चुलता, आणि शेवटी त्याला उपरती होते. वाचलेल्या प्रत्येकानं एकच सांगितलं, शेवटी चुलता फार बोलतो. लेखकानं चुलत्याचं बोलणं निम्म्यावर आणलं. तरी लोक म्हणाले, फार बोलतो. आणखी कापलं. आता लोक म्हणायला लागले, हा एकदम कसा काय बदलला? लेखक वैतागला, आणि त्याचं बरोबर होतं. दुखणं शेवटच्या पानावर नव्हतंच. आधीच्या सगळ्या पानांत या चुलत्याचा हट्ट लोकांच्या तोंडून सांगितलेला होता, त्याला हट्ट करताना कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग त्यानं कथेच्या सुरुवातीला एक पान घातलं. झुंजुमुंजू व्हायच्या आत चुलता एकटाच पुतण्याचा बांध कोरतोय, आणि कोरून झाल्यावर त्याच बांधावर बसून भाकरी खातोय. बस. शेवटचं बोलणं मग मूळचं होतं तेवढं ठेवलं तरी कुणाला लांब वाटलं नाही. जो माणूस भाकरी खायच्या आधी बांध कोरतो, त्याला नमतं घ्यायला चार वाक्यं जास्त लागणारच.

वाचकाचं न ऐकणारा लेखक वाया जातो, हे सगळे सांगतात. वाचक सांगेल ते जसंच्या तसं करणाराही जातो. हा तरुण वाचला, कारण लोक सांगत होते ती जागा त्यानं मानली आणि त्यांनी सुचवलेला उपाय शेवटी सोडून दिला.

आता जरा अडचणीचं बोलतो. आपल्या मराठवाड्यात कथेचं मोल करताना एक गोष्ट आड येते, आणि ती म्हणजे विषय. दुष्काळ, शेतकऱ्याची आत्महत्या, ऊसतोड, किल्लारीचा भूकंप. दुःख खरं आहे, आपल्या घरातलं आहे, त्यामुळं अशी कथा समोर आली की आपण वाचायच्या आधीच मान खाली घालतो. कथा कच्ची आहे असं म्हटलं, तर जणू त्या दुःखालाच खोटं म्हटलं असं वाटतं. लेखकालाही हे ठाऊक असतं. कुणी शंका काढली की त्याचं उत्तर तयार असतं, 'हे खरं घडलंय'. घडलं असेल. पेपरातही रोज खरं घडलेलंच येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात. कथेतलं खरं हे कथेनं स्वतः कमवायचं असतं, बाहेरच्या दुःखाकडून उसनं आणायचं नसतं.

ऊसतोडीवरच्या एका कथेचं वाचन चाललं होतं. दसरा झाला, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, टोळी निघाली, सगळं ठीक होतं. कोयत्यातली, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतली, बाई मात्र दर दोन पानांनी रडत होती. निघताना रडली, कोपी बांधताना रडली, मोळी बांधताना रडली. ऐकणाऱ्यांत एक मावशी होत्या, त्यांची निम्मी जिंदगी फडात गेलेली. त्या म्हणाल्या, 'रडायला टाइम कुठं ऱ्हायतो? रात्री गाडी भरायची ऱ्हायती.' सगळ्या चर्चेत कथेवर यापेक्षा चांगलं बोलणं झालं नाही. बाकीचे आम्ही वास्तव, शोषण, व्यवस्था असं बोलत होतो. मावशींनी नेमकं सांगितलं की लेखक बाईकडं बघत नाहीये, तो आपल्याकडं बघतोय, आपले डोळे भरले का ते तपासतोय.

याच्या उलट भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' आठवा. अभ्यासक्रमात होती, त्यामुळं तुमच्यातल्या पुष्कळांनी वाचली असेल. शाळकरी पोरगं बापाबरोबर बाजारात टोमॅटो विकायला बसतं, भाव पडत जातो, आणि शेवटी बाप पिकवलेला माल स्वतःच्या पायाखाली तुडवतो. वाचकाला विचारा, त्याला ते तुडवणं आठवतं. तो म्हणतो, काय शेवट आहे! लिहिणाऱ्यानं मात्र शेवटाच्या आधीचा बाजार बघायला पाहिजे. गिऱ्हाईकाची घासाघीस, ओरडून मालाचा भाव सांगताना पोराला वाटणारी लाज, दर वेळी थोडा थोडा खाली येणारा आकडा. शेतकऱ्याची पिळवणूक यावर लेखक भाषण ठोकत नाही, भाव पडताना दाखवतो. म्हणून बापाचा पाय उचलला जातो तेव्हा तो लेखकानं उचललेला वाटत नाही. विषय तोच, जो पन्नास फसलेल्या कथांचा आहे.

वाचक आणि लेखक यांच्यातला फरक तो हाच. वाचकाला घर आवडतं की नाही हे उंबऱ्यातच कळतं, लेखक भिंतीवर टिचक्या मारत फिरतो. आणि लेखकांनी यावर फुशारकी मारायचं कारण नाही, कारण टिचक्या मारणाराही फसतो. दुसऱ्या लेखकाची करामत बघून तो इतका खूश होतो की आपल्याला कंटाळा आलाय हेच विसरतो. तीन निवेदक, उलटा चालणारा काळ, कंसात कंस. वा! आणि पन्नासाव्या पानावर खूण घालून ठेवलेलं पुस्तक वर्षभर तिथंच पडलेलं असतं.

करामत दिसू नये आणि तरी असावी, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', 1971 ची. सगळी कादंबरी गंगाराम शिंप्याची बायको पार्वती सांगते, तिच्या बोलीत. आता निवेदन एका बाईच्या तोंडी दिलं म्हणजे लेखकानं हात बांधून घेतले. ती जिथं नाही तिथं त्याला जाता येत नाही. गावकी पुरुषांची, बैठका पुरुषांच्या, आणि सांगणारी घरात. पण त्यामुळंच बाहेर शिजणारं तिच्यापर्यंत पोचेस्तोवर आपलाही जीव टांगणीला लागतो. वाचकाला यातलं काही कळायची गरज नाही, त्याला फक्त पार्वतीची काळजी वाटते. लिहिणाऱ्यानं मात्र ही पुस्तकं दोनदा वाचावीत, दुसऱ्यांदा जरा चोरनजरेनं.

बोलीचं निघालंच आहे तर सांगतो. अलीकडं गावाकडची कथा म्हणून जे येतं, त्यात 'लई', 'म्या', 'न्हाय' हे शब्द वरून मसाला भुरभुरावा तसे टाकलेले असतात. गाव परभणीजवळचं आणि माणसं बोलतात सिनेमातलं. आमच्याकडं माणूस 'काय करायलास' म्हणून विचारतो, 'मी जायलो' म्हणून निघतो, माल मोंढ्यात नेतो आणि आडत्याची पट्टी खिशात घालून येतो. हे जमत नसेल तर सरळ प्रमाण मराठीत लिहावं, कुणी नाव ठेवणार नाही. अर्धवट बोली वाचकाचा कान लगेच पकडतो, आणि एकदा कान बिथरला की पुढची हडळसुद्धा खोटी वाटायला लागते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वाचक थांबला म्हणजे तिथं दोष आहेच का? नाही. माणूस कंटाळूनही थांबतो आणि सोसवत नाही म्हणूनही थांबतो. 'पुढं वाचवलं नाही' हे वाक्य दोन्हींसाठी सारखंच वापरतात, म्हणून लेखकानं एक उपप्रश्न विचारायचा, मग पुन्हा पुस्तक कधी उघडलंस? कंटाळलेला माणूस उत्तर टाळतो. ज्याला सोसवलं नाही, तो म्हणतो त्याच रात्री, सगळे झोपल्यावर. पहिल्या ठिकाणी कात्री चालवा, दुसऱ्या ठिकाणी वाचक कितीही विनवू दे, हात लावू नका. शेवट गोड करा म्हणणारे वाचक प्रेमानंच म्हणत असतात, त्यांना चहा पाजावा आणि शेवट आहे तसा ठेवावा.

असं सगळं असेल तर कथास्पर्धेच्या परीक्षकांनी काय करायचं, असं परवा एका महाविद्यालयातल्या मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. परीक्षकाला गुणांचा तक्ता देतात. विषयाला इतके, आशयाला इतके, भाषेला इतके, सामाजिक संदेशाला इतके. मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक कथेचं मधलं एक पान घरात मोठ्यानं वाचतो. सुरुवात आणि शेवट सगळेच घासूनपुसून पाठवतात, मधलं पान कुणी लपवू शकत नाही. वाचताना घरातलं कोण उठून गेलं आणि कोण दारात थबकलं, एवढं टिपून ठेवतो, मग पूर्ण कथा निवांत वाचतो. आणि तक्त्यातला विषयाचा रकाना रिकामा सोडून खाली सही करतो. एका आयोजकांनी यंदा तो तक्ता परत पाठवून रकाना भरून मागितला. मी तो पुन्हा रिकामाच पाठवलाय. पुढच्या वर्षी बोलावतील असं काही दिसत नाही.

नमस्कार.