दोन पाण्यांच्या दोन वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

जोराचा पाऊस सुरू झाला की मोरीतले पाणी उलटे वर येते, रस्त्यावरच्या चेंबरचे झाकण आतल्या रेट्याने उचलले जाते, आणि त्याच वेळी आपल्या नजरेआड घराघरांतला मैला नदीत जाऊन पडत असतो. अनेक जुन्या शहरांत या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असते. तिथे पावसाचे पाणी आणि संडास-मोरीचे पाणी एकाच वाहिनीतून वाहते. मैलापाणी रोज साधारण ठरलेल्या बेताने येते. पाऊस मात्र तासाभरात त्याच्या कित्येक पट पाणी त्याच वाहिनीत ओततो. एवढे पाणी शुद्धीकरण केंद्राला पेलणारे नसते, म्हणून वाहिनीला जागोजागी सांडवे ठेवलेले असतात आणि हे मिसळलेले पाणी त्यांवरून थेट नदीत उतरते. ते सांडवे बंद केले, तर तेच पाणी लोकांच्या तळघरांत शिरेल. म्हणून खरा उपाय एकच, आणि तो मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पावसाच्या पाण्याला एक वाहिनी, मैलापाण्याला दुसरी.

हा उपाय एका संपूर्ण शहरात कसा उतरला, ती हकिकत मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मेम्फिस नावाचे शहर आहे. १८७८ साली तिथे पीतज्वराची भयंकर साथ आली. २५,००० हून अधिक लोक शहर सोडून पळाले आणि मागे राहिलेल्यांपैकी ५,००० हून अधिक दगावले. शहर इतके खचले आणि कर्जात इतके बुडाले की १८७९ साली त्याने शहर म्हणून असलेली आपली सनदच सोडून दिली. जमिनीत मुरणारा मैला आणि त्यातून निघणारी दूषित हवा यांमुळेच रोग फैलावतो, असे त्या काळी बहुतेकांना वाटे. म्हणून शहराच्या मलनिस्सारणाचे काम जॉर्ज वेअरिंग या अभियंत्याकडे सोपवण्यात आले आणि १८८० च्या आरंभी खोदाई सुरू झाली.

वेअरिंग यांनी पावसाच्या पाण्याला आपल्या वाहिन्यांत प्रवेशच दिला नाही. पाऊस वगळला की उरते ते केवळ घरांतले पाणी, आणि तेवढ्यासाठी माणूस वाकून चालेल एवढे बोगदे कशाला हवेत? त्यांनी गल्ल्यांतून अवघ्या सहा इंच व्यासाच्या भाजक्या मातीच्या नळ्या घातल्या. प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाला त्यांनी एक टाकी बसवली. तिच्यात दिवसभर नळाची बारीक धार पडत राही, आणि पाणी ठरावीक उंचीला पोहोचले की वक्रनलिकेच्या, म्हणजे सायफनच्या, ओढीने ती टाकी एकदम रिकामी होऊन साचलेला गाळ पुढे ढकलीत असे. हे काम करायला ना माणूस लागे, ना यंत्र! रचनेत उणिवाही होत्या. खर्च वाचवण्यासाठी मॅनहोल फारसे ठेवलेच नव्हते, त्यामुळे नळी तुंबली की रस्ता उकरून अडथळा शोधावा लागे. तरीही मूळ विचार टिकला. मैलापाण्याची वाहिनी मैलापाण्यापुरतीच असावी, हे मेम्फिसने दाखवून दिले.

पुढचा भाग विलक्षण आहे. पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे कार्लोस फिनले या क्यूबाच्या डॉक्टरांनी १८८१ मध्येच मांडले होते, पण ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. म्हणजे ज्या कारणासाठी मेम्फिसमध्ये वाहिन्या वेगळ्या झाल्या, ते कारणच चुकीचे होते. काम मात्र उपयोगी ठरले. आणि स्वतः वेअरिंग १८९८ साली मलनिस्सारणाची पाहणी करायला हवानाला गेले असता तिथे त्यांना पीतज्वराने गाठले, आणि न्यूयॉर्कला परतल्यावर त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्याआधी न्यूयॉर्कच्या रस्तेसफाईचे प्रमुख असताना त्यांनी सफाई कामगारांना पांढराशुभ्र गणवेश दिला होता आणि त्यांची संचलने काढली होती. शहराच्या घाणीशी झुंजणाऱ्या माणसाला असा उघड मान मिळायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे, आणि आजही तो पुरेसा मिळत नाही.

मग सगळ्याच शहरांनी हा मार्ग का धरला नाही? अमेरिकेच्या आरोग्य मंडळाने रुडॉल्फ हेरिंग यांना युरोपातील व्यवस्था पाहण्यासाठी पाठवले होते. दाट वस्तीच्या मोठ्या शहरांना एकत्र वाहिनी चालेल, छोट्या शहरांना वेगळी बरी, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन वाहिन्यांपेक्षा एक स्वस्त पडते, आणि तेव्हा पाणी शुद्ध न करताच नदीत सोडत असल्यामुळे दोन्ही पाणी मिसळण्याची कोणाला फिकीर नव्हती. शुद्धीकरण केंद्रे आली तेव्हा मिसळलेल्या पाण्याचे ओझे कळले. तोवर वाहिन्यांवर शहरे उभी राहिली होती. लंडनने म्हणूनच सबंध शहर खणण्याऐवजी सांडव्यांचे पाणी साठवून शुद्धीकरणाकडे नेणारा २५ किलोमीटरचा बोगदा बहुतांशी थेम्सच्या पात्राखालून बांधला आणि तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. दाट वस्तीत असा बोगदा रास्त आहे. परंतु जिथे रस्ता कोणत्याही कारणाने खणायचाच आहे, तिथे दुसरी वाहिनी न घालता तो बुजवणे मला अक्षम्य वाटते.

श्रोतेहो, रस्त्याखाली दोन वाहिन्या पडल्या म्हणजे काम झाले, असे समजू नये. छतावरून उतरणारा पन्हळीचा नळ मैलावाहिनीला जोडलेला असेल, तर पाऊस पुन्हा मैल्यात मिसळतो. आणि एखाद्या घराची मोरी पावसाच्या वाहिनीला जोडली गेली, तर मैला बाराही महिने नदीत जातो. असे जोड शोधण्यासाठी मैलावाहिनीच्या मॅनहोलवर पंखा बसवून आत निरुपद्रवी धूर सोडतात. काही मिनिटांत तो धूर जिथून जिथून बाहेर पडतो, तिथले चुकीचे जोड उघडे पडतात. छताच्या पन्हळीतून धूर निघाला, की त्या घराचे पावसाचे पाणी कुठे जाते ते कळते. मोरीच्या पाण्यासाठी रंग वापरतात. रंगीत पाणी मोरीत ओतायचे आणि ते कोणत्या चेंबरमध्ये दिसते ते पाहायचे.

शिवाय वेगळे केलेले पावसाचे पाणीही निर्मळ नसते. पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरचे तेल, टायरची झीज आणि जनावरांची विष्ठा वाहून येते, आणि आता ते शुद्धीकरणाकडे न जाता सरळ नदीत पोहोचते. त्यासाठी वाहिनीच्या वाटेवर गाळ बसवणाऱ्या टाक्या, पाणी मुरवणारे हिरवे पट्टे आणि सच्छिद्र फरसबंदी यांची सोय त्याच आराखड्यात, त्याच खर्चात धरावी लागते. आणि एकदा घेतलेली धुराची चाचणी दर काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, कारण नवे बांधकाम झाले की नवे जोड येतात, आणि त्यांतला एखादा चुकीच्या वाहिनीला लागतोच.

नमस्कार.