गच्चीवरची डिश आणि परवाना: ६० आणि ८० गिगाहर्ट्झचे नियम कोणत्या देशात काय आहेत?

नमस्कार मंडळी! समजा, तुमचं ऑफिस रस्त्याच्या अलीकडे आहे आणि गोडाऊन पलीकडे. अंतर जेमतेम चारशे मीटर. फायबर टाकायचं तर रस्ता खोदावा लागणार, म्हणजे महापालिकेची परवानगी आली, खोदाईचे पैसे आले आणि पावसाळ्यात तर कामच बंद. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, की दोन्ही गच्च्यांवर एकेक छोटी डिश लावा, गिगाबिटचा स्पीड मिळेल. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी खरं आहे. पण ती डिश चालू करायला परवाना लागतो का? ते तुम्ही कोणत्या देशात आहात त्यावर ठरतं.

आज दोन बँडबद्दल बोलूया. पहिला व्ही बँड, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या आसपासचा. दुसरा ई बँड, म्हणजे ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ. या लहरींची लांबी चार-पाच मिलिमीटर असते, म्हणून यांना मिलिमीटर वेव्ह म्हणतात.

नियम समजून घ्यायचे तर आधी या लहरी वागतात कशा ते बघायला हवं. ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच सिग्नल शोषून घेतो, किलोमीटरला साधारण १५ डेसिबल. म्हणजे अंतरामुळे नेहमी होते ती घट वेगळीच, वर दर किलोमीटरला सिग्नल आणखी तीसपट कमी. त्यामुळे तुमची लिंक दोन-तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या कुणाला सहसा त्रास देत नाही. ई बँडला ऑक्सिजनची ही अडचण फारशी नाही, तिथे काही किलोमीटरची लिंक होते. पण बीम फार बारीक असतो.

(स्क्रीनवर: दोन इमारती आणि मधली बारीक रेघ)

ही रेघ नीट बघा. ६० सेंटिमीटरची डिश ८० गिगाहर्ट्झला साधारण अर्ध्या अंशाचा बीम देते. एक किलोमीटर गेल्यावर त्याची रुंदी होते जेमतेम आठ मीटर. मोबाइल टॉवर म्हणजे सगळी खोली उजळणारी ट्यूबलाइट आणि ही डिश म्हणजे एकाच ठिकाणी मारलेला टॉर्च. डिश बसवणारे लोक स्क्रू अर्धा फेरा फिरवतात, मीटर बघतात, परत पाव फेरा मागे घेतात, कारण खांब किंचित हलला तरी लिंक जाते.

आता प्रश्न असा, की आठ मीटर रुंदीच्या बीमसाठी अख्ख्या राज्याचा परवाना विकायचा का?

जगासाठी एकच परवाना अशी काही सोय नाही. जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, कोणता बँड कोणत्या सेवेसाठी ते ठरवते. परवाना द्यायचा की नाही, किती ताकदीला परवानगी, फी किती, हे प्रत्येक देश आपलं आपण ठरवतो.

अमेरिकेने ई बँड २००३ मध्ये उघडला आणि पद्धत मला फार आवडते. एफसीसी, म्हणजे तिथली दूरसंचार नियामक संस्था, तुम्हाला दहा वर्षांचा देशभराचा परवाना देते, पण तो एकट्याचा नसतो, तसाच परवाना दुसऱ्यालाही मिळतो. मग तुमची प्रत्येक लिंक अक्षांश-रेखांशासकट एका सामायिक डेटाबेसमध्ये नोंदवायची. ज्याची नोंद आधी, त्याला संरक्षण आधी. आणि नोंद केल्यापासून बारा महिन्यांत लिंक चालू करावी लागते, नुसती जागा अडवून ठेवता येत नाही.

६० गिगाहर्ट्झला अमेरिकेत परवानाच लागत नाही. २०१३ मध्ये तिथे बाहेरच्या लिंकसाठी ताकदीची मर्यादा ४० डीबीएमवरून थेट ८२ पर्यंत नेली. (डीबीएम हे ताकदीचं माप. तो १० ने वाढला की ताकद दहापट, हे लक्षात ठेवा.) पण हे ८२ सगळ्यांना नाही. ज्याच्या अँटेनाचा गेन, म्हणजे ताकद एकाच दिशेला एकवटण्याचं माप, ५१ डीबीआय आहे, म्हणजे बीम अगदी बारीक आहे, त्यालाच. गेन एक डेसिबलने कमी झाला, की मर्यादा दोन डेसिबलने खाली. ३८ डीबीआयची छोटी डिश असेल तर हिशोब करा: १३ डेसिबल कमी, दुपटीने २६, म्हणजे मर्यादा आली ५६ वर. जो शेजाऱ्याकडे कमी सांडतो त्याला जास्त ताकद! नियम कसा लिहावा याचा हा नमुना आहे. २०१६ मध्ये हाच बँड ६४ वरून ७१ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवला.

युरोपात बाहेरच्या कायमस्वरूपी लिंकसाठी ५५ डीबीएमपर्यंत मुभा आहे, अँटेनाचा गेन किमान ३० डीबीआय हवा. चेक प्रजासत्ताकाने त्यात आपली भर घातली. तिथे छोटे वायरलेस इंटरनेटवाले गावोगाव आहेत, म्हणून ६० गिगाहर्ट्झच्या लिंकची ऑनलाइन नोंद ठेवतात. परवाना नको, पण डिश कुठे बसवली ते सांगा. ब्रिटनमध्ये ई बँडचा एक भाग असा आहे, की दुसऱ्याच्या लिंकशी इंटरफेरन्स, म्हणजे सिग्नलची गल्लत, होते का ते तुम्हीच तपासायचं आणि लिंकमागे वर्षाला ५० पौंड भरायचे.

आता भारत. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑगस्ट २०१४ मध्येच हे दोन्ही बँड सोप्या पद्धतीने उघडा अशी शिफारस केली होती. दरही सुचवले होते: ई बँडला २५० मेगाहर्ट्झच्या कॅरियरमागे (कॅरियर म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा) वर्षाला १०,००० रुपये, व्ही बँडला ५० मेगाहर्ट्झमागे १,००० रुपये. मग वर्षानुवर्षं वाद चालला. इंटरनेट आणि वायफाय देणाऱ्यांचं म्हणणं, व्ही बँड मोकळा करा. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं, लिलाव करा. २०२२ मध्ये ५जी लिलावाच्या वेळी सरकारने मोबाइल कंपन्यांना ई बँडचे दोन कॅरियर तात्पुरते देऊ केले. छोट्या आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्या, हाती काही लागलं नाही. मे २०२५ मध्ये ट्रायने या बँडवर पुन्हा सल्लापत्र काढलं आणि तोपर्यंत ६० गिगाहर्ट्झ भारतात परवानामुक्त झालेला नव्हता.

लिलाव मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सर्कल, म्हणजे मोबाइल परवान्यांचा एक विभाग, यात येतो मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पणजीपासून गोंदियापर्यंतची फ्रिक्वेन्सी एका कंपनीला द्यायची, आणि ती वापरणार काही हजार बारीक रेघांवर. बाकी आकाश रिकामं, पण तुमच्या गोडाऊनला मात्र मनाई. ई बँडला नोंदणी आणि व्ही बँडला मर्यादा घालून मोकळीक, हेच आपल्याला सोयीचं आहे.

पावसाचं मात्र परवान्याशी देणंघेणं नाही. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत ८० गिगाहर्ट्झचा सिग्नल किलोमीटरला ३० डेसिबलच्या आसपास पडतो. कोकणात लिंक टाकणार असाल तर अंतर कमी ठेवा आणि जोडीला कमी फ्रिक्वेन्सीची दुसरी लिंक ठेवा.

अमेरिकेतून किंवा दुबईहून येताना कुणी ६० गिगाहर्ट्झचा सेट आणून देतो म्हणालं, तर थांबा. खोक्यावर परवान्याची गरज नाही असं छापलेलं असतं, ते त्या देशापुरतं. भारतात आधी डब्ल्यूपीसीची (फ्रिक्वेन्सीचं काम बघणारी सरकारी शाखा) ताजी अधिसूचना बघा, उपकरणाला ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाची मंजुरी, आहे का बघा, मगच पैसे द्या.

आणि ट्रायच्या सल्लापत्रावर मुदतीत कुणालाही लेखी मत पाठवता येतं, त्याला वकील लागत नाही. या बँडचं पुढचं सल्लापत्र निघालं की लिहा: तुमची लिंक किती मीटरची, कशासाठी हवी आणि फायबर का जमलं नाही.