अर्ध्या वाटेवरून परतलेला मार्क

यरुशलेममधील एका घराच्या दारावर रात्री थाप पडते. इसवी सन ४४च्या सुमाराची ही गोष्ट आहे. हेरोद अग्रिप्पा राजाच्या तुरुंगातून सुटलेला, येशूचा शिष्य पेत्र बाहेर उभा आहे आणि आत जमलेली माणसे त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करीत आहेत. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते. पण आनंदाच्या भरात दार उघडायचे विसरून ती आत धावते, आणि तुला वेड लागले आहे, असे म्हणून सगळे तिला गप्प करतात. पेत्र दार ठोठावीतच राहतो. हे घर मरियेचे होते. तिचा मुलगा योहान, ज्याला मार्क म्हणत, त्यालाच ख्रिस्ती परंपरा दुसऱ्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी दुसऱ्याचा लेखक मानते.

मार्कविषयी नव्या करारात फार थोडे आले आहे आणि त्या थोडक्यातही त्याची माघार ठळकपणे नोंदलेली आहे. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या बर्णबा आणि पौल यांनी पहिल्या प्रवासात त्याला मदतनीस म्हणून बरोबर घेतले होते. कुप्र (सायप्रस) बेट ओलांडून ते आजच्या तुर्कस्तानातील पंफुल्या प्रांतात पिर्गा येथे आले. पुढची वाट तोरस पर्वतरांगेतून पिसिदियातील अंत्युखियाकडे जात होती. मार्क तेथूनच यरुशलेमला परतला. पौलाने ही गोष्ट मनातून काढली नाही. पुढच्या प्रवासाच्या वेळी बर्णबाने मार्कला पुन्हा न्यायचे म्हटले, तेव्हा अर्ध्यावर साथ सोडणाऱ्याला बरोबर घेणे पौलाला मान्य झाले नाही आणि वाद इतका विकोपाला गेला की पौल सीलाला घेऊन सूरियाकडे, तर बर्णबा मार्कला घेऊन कुप्राकडे निघून गेला.

बर्णबा मार्कचा नात्याने भाऊ लागत होता, हे खरे. परंतु त्याने हे निव्वळ नात्यापोटी केले, असे मला वाटत नाही. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करीत असे, म्हणून यरुशलेममधले शिष्य एकेकाळी खुद्द त्यालाच भिऊन दूर राहत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणारा माणूस हाच बर्णबा होता.

पुढे मार्क पेत्राच्या सहवासात दिसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याचा उल्लेख 'माझा मुलगा' असा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक पापियास सांगतो की, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राच्या आठवणीतले त्याने क्रमाने नसले तरी काळजीपूर्वक लिहून ठेवले. चारही शुभवर्तमानांत हे सर्वांत लहान, अवघ्या १६ अध्यायांचे आहे. त्याची ग्रीक भाषा साधी आहे, आणि 'लागलेच' या अर्थाचा शब्द तीत चाळीसच्या आसपास वेळा येत असल्यामुळे कथन सतत धावत असते. तरीही मधूनच लेखकाची नजर एखाद्या लहानशा गोष्टीवर थबकते: वादळात हेलकावणाऱ्या मचव्याच्या मागच्या भागात येशू उशी घेऊन झोपलेला आहे, पाच हजारांना जेवू घालण्याआधी लोकांना हिरव्या गवतावर बसवले जाते, मेलेल्या मुलीचा हात धरून उच्चारलेले 'तलीथा कूम' हे शब्द मूळ अरामी भाषेतच जपलेले आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या लेखकाचा भित्र्या माणसांविषयीचा प्रामाणिकपणा. त्याचे शिष्य वारंवार चुकतात, भितात आणि अटकेच्या रात्री येशूला सोडून पळून जातात. पेत्र तीनदा नाकारतो आणि कोंबडा आरवल्यावर रडतो. याच रात्री अंगावर केवळ तागाचे वस्त्र घेतलेला एक तरुण, पकडणाऱ्यांच्या हाती ते वस्त्र सोडून उघडाच पळतो. हा प्रसंग इतर शुभवर्तमानांत नाही, आणि तो तरुण म्हणजे मार्कच, असे अनेक वाचक मानत आले आहेत. पळणे म्हणजे काय, हे ज्याला स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होते, त्यानेच हे लिहावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

आपला सहकारी तिमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बेड्यांत असलेला पौल हिवाळ्याआधी आपल्याकडे येण्याची विनंती करतो. त्रोवस येथे कार्पाजवळ राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, असे तो लिहितो. आणि त्याच्या थोडे आधी, मार्कलाही बरोबर घेऊन ये, कारण सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे सांगतो.