आधी तारीख, मग हॉटेल

नमस्कार श्रोतेहो. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे मे महिन्याची सहल आठवते. पण हिवाळ्यात आल्प्समध्ये स्कीइंग शिकायला जायचं मनात असेल, तर हॉटेलांचे फोटो बाजूला ठेवा. आधी तारीख ठरवा आणि गावाची उंची बघा.

नाताळचा आठवडा टाळा. फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हाही गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. जानेवारीचा मध्य त्या मानाने निवांत. त्यातही एक मेख आहे! वेंगेन गावात नेमकी तेव्हाच लाउबरहॉर्नची स्कीइंग शर्यत होते, १९३० पासूनची. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण. ते दिवस सोडले, तर नवशिक्यांना मी वेंगेनच सुचवेन. गाव १,२७४ मीटरवर, मोटारींना रस्ताच नाही, खालच्या लाउटरब्रुनेनहून छोटी रेल्वे वर चढते. आणि शिकाऊंचा उतार गावातच आहे.

मार्च उलटल्यावर जायचं, तर उंची महत्त्वाची. झेरमाट या गावाच्या केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत नेतात. वर हिमनदी असल्याने बर्फाची काळजी नाही. पण पहिल्याच खेपेला तिथला महागडा पास, म्हणजे केबल कारने वर जायचं तिकीट, कशाला? सुरुवातीचे दिवस पडण्या-उठण्यातच जायचे. ते पैसे प्रशिक्षकाला द्या. उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मधला, काळा कसलेल्यांचा. उत्साहाच्या भरात निळा सोडू नका.

स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. मात्र त्यात स्कीइंग धरलंय का, हे लेखी विचारून घ्या. हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली, तर बिल भरताना घाम फुटेल.

स्की विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात. बूट निवडताना मात्र घाई नको. आपल्याला सवय एक नंबर मोठा घ्यायची. इथे ती महागात पडते, कारण सैल बुटात पाय हलतो आणि स्की ऐकत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे चढवू नका. एकच, पातळ आणि लांब. तरीही पाय दुखला, तर सोसत बसू नका. दुकानात परत जा, बूट बदलून देतात.