मातीवर उमटलेली चादर

लाटण्याखाली मातीचा थर आहे, बोटभर जाडीचा. त्याच्याखाली काय अंथरलंय ते आता दिसेल. कुंभारकाम करणाऱ्या आक्का थर उलटा करतात, एक कोपरा धरून कापड हलकेच सोलतात, आणि ओल्या मातीवर उरते सोलापुरी चादर. नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर विणलेलं फूल, त्याची प्रत्येक पाकळी, मधले धागेसुद्धा.

माती फार ओली असली तर कापड चिकटतं. सुकली तर ठसा बसत नाही. मधली वेळ साधावी लागते, आणि इथल्या उन्हात ती फार थोडी मिळते. आक्का ती हाताच्या पाठीने चाचपून ओळखतात.

चाकावर बसलेत ते त्यांचे वडील, आण्णा. माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडं हे त्यांचं काम. नुसती काळी माती सुकताना आकसते, तडकते. म्हणून ते तिच्यात गाळ, चाळलेली वाळू आणि घोड्याची लीद मिसळतात. आक्का याच चाकावर शिकल्या. पुढे मोबाईलवर बघून गुळगुळीत फुलदाण्या करू लागल्या. सुबक होत्या, पण कुठल्याही गावच्या वाटाव्यात अशा.

या फळीवर त्यानंतरचे नमुने आहेत. हे ज्वारीचं कणीस. ही बाभळीची साल. हे गोणपाट. आणि ही बारीक छिद्रांची जाळी टर्किश टॉवेलची. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत देखणी हीच.

कणीस आणि साल मागे पडली, मागावरचं कापड राहिलं. एवढं ठरलं आणि बाकीचं त्याच्यामागून बदलत गेलं. ठसा ताणला जाऊ नये म्हणून भांड्याचं फुगीर पोट गेलं, सरळ भिंती आल्या. चकाकीचा लेपही गेला, कारण तो विणीच्या खाचा बुजवतो. त्याऐवजी गेरूचं पाणी फासायचं आणि ओल्या फडक्याने वरवर पुसून घ्यायचं. उंचवटे उजळ राहतात, खाचांत गडद लाल उरतो. भिंतींचा सांधा पूर्वी बोटाने लिंपून लपवला जायचा. आता तो चादरीच्या काठासारखा उघडा दिसतो. त्यांच्या कामाचं खरं वळण आम्हाला या सांध्यातच दिसलं.

मातीवर असं काही उमटवणं भीमेच्या खोऱ्याला नवं नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात 1968 ते 1983 या काळात उत्खनन झालं. तिथल्या ताम्रपाषाणकालीन हातघडणीच्या रांजणांवर मातीच्या पट्ट्या चिकटवून बोटांचे दाब दिलेले आढळतात.

आणि ही सोलापूरची गड्डा यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघालेत संमती कट्ट्याकडे. तिथे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, त्या अक्षता सोहळ्यासाठी. या शहराच्या सर्वांत मोठ्या उत्सवात नवरीचा मान कुंभाराच्या लेकीचा आहे.

माग कमी झाले, माठांची मागणीही घटली. घर चालतं ते ओढाताणीने.

भांडी भाजायचा आवा लागलाय. खाली शेणी, वर भांडी, त्यावर पालापाचोळा आणि मातीचा लेप. आतली लीद जळून जाते, ठसा मात्र पक्का होतो. या आव्यात आण्णांनी चाकावर ओढलेली सुगडंही आहेत. यंदा पहिल्यांदाच त्यांनी ती ओली असतानाच लेकीपुढे ठेवली, टॉवेल दाबायला.