अळंबीचा खडक

नमस्कार, श्रोतेहो. माल्टा देशाचं धाकटं बेट म्हणजे गोझो. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर द्वेयरा नावाची जागा आहे. चुनखडीचे उभे कडे, आणि कड्यासमोर पाण्यात एकटाच उभा असलेला साधारण 60 मीटर उंच खडक. फंगस रॉक, म्हणजे अळंबीचा खडक. पोहणं, डायव्हिंग येईलच मागून. आधी हा खडक.

1530 ते 1798 माल्टावर सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ पंथाचं, राज्य. लढवय्ये खरेच, पण इस्पितळं चालवण्यातही त्यांचा हातखंडा. त्यांच्या नजरेत या खडकाच्या माथ्यावरची एक वनस्पती भरली. पान नाही, हिरवा रंग नाही, जमिनीतून सरळ वर आलेलं गडद लाल बोंड. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या मुळांवर पोसणारं हे बांडगूळच. अळंबी नव्हेच ती! पण नाव पडलं ते पडलं.

रंग रक्तासारखा, म्हणून रक्तस्रावावर औषध, असा त्या काळचा हिशोब. जखमेला तेच, हगवणीला तेच, आणि बड्या लोकांना नजराणाही तोच. 1746 साली सरदारांचा प्रमुख, ग्रँडमास्टर पिंटो, याने खडकावर पाऊल ठेवायची बंदी केली, पहारा बसवला. चोरून गेलात आणि सापडलात, तर तीन वर्षं गॅली जहाजावर वल्ही मारा. खडकाच्या बाजूसुद्धा तासून गुळगुळीत केल्या म्हणे, चढणाऱ्याच्या बोटांना खाच मिळू नये म्हणून.

मग सरदारांची माणसं वर जायची कशी? कड्यापासून खडकापर्यंत दोर ताणलेले, आणि कप्प्यांवरून सरकणारी एक पेटी. आपल्या पाळण्यासारखीच म्हणा. त्यात बसायचं, खाली लाटा आपटताहेत तिकडे बघायचं नाही, आणि पलीकडे उतरायचं. कशासाठी? मूठभर लाल बोंडांसाठी.

आणि गंमत ऐका. हीच वनस्पती सिसिलीत उगवते, सार्डिनियात उगवते, उत्तर आफ्रिकेतही उगवते! पण पहारा असला की मालाला गुण येतो.  असो.

बंदी आजही आहे, फक्त तिचं कारण बदललं. खडक आता संरक्षित आहे, आणि तिथे सापडणाऱ्या पालीची उपजात दुसरीकडे कुठे नाही. म्हणून पुन्हा सांगतो: खडक बघायचा तो किनाऱ्यावरून किंवा होडीतून. चढायचा नाही.

आता पाणी. जवळच इनलँड सी नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे. कड्याच्या पोटातून गेलेला सुमारे 80 मीटरचा बोगदा त्याला समुद्राशी जोडतो, आणि त्यातून कोळ्यांच्या छोट्या होड्या पर्यटकांना नेतात. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसल्या, तर समजा आज समुद्र खवळलाय. मग पोहण्याचाही हट्ट नको. बोगद्यात डायव्हिंग करणाऱ्यांनी तळाशी राहायचं, कारण डोक्यावरून होड्यांचे पंखे फिरत असतात.

ब्लू होल पलीकडेच. खडकातली गोल विहीर, खोली 15 मीटरच्या आसपास, आणि पाण्याखालच्या कमानीतून बाहेर समुद्रात वाट. उतरणं सोपं, चढणं अवघड. पश्चिमेचा वारा असला की लाट माणसाला उचलून धारदार चुनखडीवर घासते. आधी दहा मिनिटं काठावर उभं राहून लाटा बघा, मग डायव्हिंगची हवेची टाकी पाठीला लावा. चप्पल नको, जाड रबरी तळव्याचे बूट हवेत. जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नाही, वाळूने चोळणं नाही. समुद्राचंच पाणी.

इथली अझूर विंडो ही प्रसिद्ध दगडी कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. फार हळहळ झाली. समुद्रानेच घडवली, समुद्रानेच नेली. तक्रार कोणाकडे करणार? पण जुने फोटो छापून आजही सहली विकतात, हे मात्र बरं नव्हे.

जायला मे-जून किंवा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या उघड्या खडकावर सावलीला झाड नाही. माणशी दोन लिटर पाणी सोबत हवंच. मुख्य बेटावरच्या चिरकेव्वा बंदरातून फेरी साधारण 25 मिनिटांत गोझोला पोचते. जाताना तिकीट कोणी मागत नाही म्हणून गोंधळू नका. पैसे परतताना, गोझोच्या बाजूला घेतात.