निळ्या पेन्सिलीतली कोयना

नमस्कार श्रोतेहो. तुमच्यापैकी ज्यांनी वासोटा किल्ला केलाय, त्यांना बामणोलीची बोट आठवत असेल. दीडेक तास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय कापत जायचं, वनखात्याकडे नावं नोंदवायची आणि मेट इंदवलीकडून रानात शिरायचं.

आता भारतीय सर्वेक्षण विभागाची धरणाआधीची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, डोळ्यांपुढे आणा. ४७ जी या गटातली, एका इंचाला एक मैल. त्यात हा जलाशय नाहीच! आहे ती नुसती कोयना. महाबळेश्वरहून निघून दक्षिणेला धावणारी, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळणारी आणि कराडला कृष्णेला भेटणारी.

अशी शीट हाती आली की मला निळी पेन्सिल लागते. धरण काठोकाठ भरलं की बातम्यांत २१६३ फूट हा आकडा येतो ना, तो लक्षात ठेवायचा. शीटवर दर ५० फुटांना एक तपकिरी समोच्च रेषा असते, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. त्यातली २१५०ची धरायची आणि तिच्यावरून पेन्सिल चालवायची. रेघ प्रत्येक ओढ्याच्या घळीत आत शिरते, डोंगराच्या सोंडेला वळसा घालून बाहेर येते, पुन्हा आत. हात भरून येतो, पण शिवसागरचा दातेरी काठ कागदावर उमटतो. धरणाची भिंत तेवढी आपण घालायची.

पश्चिमेला रेषा इतक्या दाटीनं येतात की मोजताना डोळे दुखतात. तो सह्याद्रीचा कडा. त्यापलीकडे, शेकडो मीटर खाली, पोफळीचं वीजघर. डोंगरातल्या बोगद्यांतून पाणी तिकडे सोडलं की वीज, आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठी नदीला. नदी पूर्वेची, पाणी गेलं पश्चिमेला! धरण इथंच का, ते या दाटीनंच ठरवलं.

पेन्सिलीच्या आत मात्र वाड्या राहतात, देवळांच्या खुणा राहतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं आणि तिथली माणसं रायगड, ठाणे, सोलापूरकडे पांगली. वरच्या रानाचं १९८५ साली अभयारण्य झालं, २०१०मध्ये व्याघ्र प्रकल्प. मेट इंदवलीची वस्तीही उठली.

शीटवर पायवाट ठिपक्यांनी दाखवतात. या खोऱ्यातली अशी एखादी वाट बोटानं धरून बघा. उतारावरून येते, निळ्या रेघेखाली जाते, नदी ओलांडते आणि समोरच्या काठाला पुन्हा वर निघते. आपली बोट तिच्यावरूनच जाते.